८,७५,३९,३१९ : एका मोठ्या संख्येचे गुणधर्म कागद-पेन्सिलीने कसे शोधावेत

आठ अंकी संख्या पहिल्या नजरेला अंकांची नुसती रांग वाटते. तिचे अवयव पाडले, बाक्या तपासल्या आणि घन-वर्गांच्या बेरजांशी तिचे नाते जोडून पाहिले, की त्याच रांगेला एक ठसठशीत व्यक्तिमत्त्व येते. या लेखात ८,७५,३९,३१९ ही एकच संख्या घेऊन तिची तपासणी पायरीपायरीने केली आहे. शाळेतले बीजगणित, गुणाकार-भागाकाराची सवय आणि साधारण दोन तासांचा निवांत वेळ एवढे भांडवल पुरेसे आहे. आकडेमोड स्वतः करून पाहावी, कारण इथला प्रत्येक निष्कर्ष आधीच्या पायरीवर उभा आहे आणि पुढची पायरी का घ्यायची हे हाताने केल्यावरच नीट उमगते.

सुरुवातीला एक सूचना, जी क्षुल्लक वाटली तरी अनेकांचा वेळ वाचवील. आपण स्वल्पविराम लक्ष-कोटीच्या पद्धतीने देतो, परंतु पुढे विभाज्यतेची जी एक कसोटी वापरायची आहे तिच्यासाठी अंकांचे उजवीकडून तीन-तीनांचे गट लागतात. त्यामुळे त्या कसोटीच्या वेळी स्वल्पविराम पुसून संख्या नव्याने लिहावी. स्वल्पविरामांवर विसंबून गट पाडले तर उत्तर हमखास चुकते.

पहिली पायरी : शेवटचे अंक काय सांगतात

संख्या विषम आहे आणि ती ० किंवा ५ ने संपत नाही, म्हणून २ आणि ५ हे तिचे अवयव नाहीत. ती पूर्ण वर्ग आहे का? एकक स्थानी ९ असल्यामुळे तशी शक्यता वाटते. परंतु कोणत्याही विषम वर्गाच्या दशकस्थानी समच अंक असतो, उदाहरणार्थ ४९, १६९, ५२९. आपल्या संख्येच्या दशकस्थानी १ आहे, म्हणून ती पूर्ण वर्ग नाही. वर्गमूळ काढून हेच पडताळता येते : ९३५६² = ८,७५,३४,७३६ आणि ९३५७² = ८,७५,५३,४४९, म्हणजे आपली संख्या या दोन वर्गांच्या मध्ये पडते.

आता शेवटचे तीन अंक पाहू. १००० ला ८ ने निःशेष भाग जातो, म्हणून ८ ने भागल्यावरची बाकी शेवटच्या तीन अंकांवरूनच कळते. ३१९ ला ८ ने भागल्यावर बाकी ७ उरते. ही बाकी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. वर्गांच्या बेरजेचा संपूर्ण प्रश्न पुढे हा एकच अंक निकालात काढणार आहे.

दुसरी पायरी : मूळ अवयव पाडणे

सर्व गुणधर्मांची किल्ली इथे आहे, म्हणून घाई करू नये. ९३५६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे ठरवले तर हजाराहून अधिक भागाकार करावे लागतील, ही भीती रास्त आहे. मात्र एखादा अवयव सापडताच संख्या त्याने भागून लहान करत गेले की मर्यादाही झपाट्याने खाली येते.

अंकांची बेरीज ८ + ७ + ५ + ३ + ९ + ३ + १ + ९ = ४५ आहे, म्हणून ९ ने भाग जातो आणि भागाकार ९७,२६,५९१ येतो. याच्या अंकांची बेरीज ३९, म्हणजे ३ ने आणखी एकदा भाग जातो आणि ३२,४२,१९७ उरतात. त्यांच्या अंकांची बेरीज २८ असल्याने ३ चा अध्याय इथे संपला. ३ हा अवयव तीन वेळा आला, याची नोंद करावी.

७, ११ आणि १३ या तिघांसाठी एकच कसोटी पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने मिळवायचे आणि वजा करायचे. आपले गट ३, २४२ आणि १९७ असे आहेत. १९७ − २४२ + ३ = −४२. बेचाळिसाला ७ ने भाग जातो, ११ ने किंवा १३ ने जात नाही. म्हणून ३२,४२,१९७ लाही या तिघांपैकी फक्त ७ ने भाग जातो आणि ४,६३,१७१ उरतात. हीच कसोटी पुन्हा लावली तर १७१ − ४६३ = −२९२ मिळतात, आणि २९२ ला या तिघांपैकी कोणानेही भाग जात नाही.

यापुढे सरळ भागाकार करावे लागतात. ४,६३,१७१ ला १७ ने भागल्यावर बाकी ६, १९ ने ८, २३ ने २० आणि २९ ने १२ उरते. ३१ ने मात्र निःशेष भाग जातो आणि भागाकार १४,९४१ येतो. त्याचे वर्गमूळ १२२ च्या किंचित पुढे आहे, म्हणून आता १२२ च्या आतल्या मूळ संख्याच तपासायच्या. ३१ पुन्हा चालतो का हे पाहण्यास विसरू नये. इथे बाकी ३० उरते, म्हणजे तो पुन्हा चालत नाही. मग ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९ आणि ६१ या सातांनी अनुक्रमे ३०, १७, २०, ४२, ४८, १४ आणि ५७ अशा बाक्या दिल्या. ६७ ने १४,९४१ = ६७ × २२३ असा निकाल लागतो. २२३ चे वर्गमूळ १५ पेक्षा लहान आहे आणि तिथपर्यंतच्या सर्व मूळ संख्या आपण आधीच वगळल्या आहेत, म्हणून २२३ ही मूळ संख्याच आहे. तेव्हा

८,७५,३९,३१९ = ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३

हजाराहून अधिक भागाकारांची भीती होती, प्रत्यक्षात मूळ संख्यांच्या यादीतल्या पहिल्या एकोणीस संख्यांपुढे जावे लागले नाही.

हा निकाल पुढे नेण्याआधी पडताळून घ्यावा. उलटा गुणाकार हा एक मार्ग, परंतु तो करताना तीच चूक पुन्हा होऊ शकते. म्हणून ११ ने भागल्यावरची बाकी दोन स्वतंत्र मार्गांनी काढणे मला अधिक भरवशाचे वाटते. अंकांवरून उजवीकडून आळीपाळीने ९ − १ + ३ − ९ + ३ − ५ + ७ − ८ = −१, म्हणजे बाकी १०. अवयवांवरून पाहिले तर २७, ७, ३१, ६७, २२३ यांच्या बाक्या ५, ७, ९, १, ३ आहेत. त्यांचा गुणाकार ९४५ होतो, आणि ९४५ ला ११ ने भागल्यावरही बाकी १० च उरते. दोन्ही बाजू जुळल्या, पुढे जाण्यास हरकत नाही.

तिसरी पायरी : विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज आणि सहमूळ संख्या

अवयव हाती आले की या तीन गोष्टी केवळ गुणाकारांनी मिळतात. विभाजक तयार करताना ३ चा घात ०, १, २ किंवा ३ असा चार प्रकारे निवडता येतो, आणि उरलेल्या चार मूळ संख्यांपैकी प्रत्येक घ्यायची की सोडायची हे दोन प्रकारे ठरते. म्हणून एकूण विभाजक ४ × २ × २ × २ × २ = ६४.

विभाजकांच्या बेरजेसाठी प्रत्येक मूळ संख्येच्या घातांची बेरीज घेऊन गुणाकार करायचा. ३ साठी १ + ३ + ९ + २७ = ४०, आणि इतरांसाठी ८, ३२, ६८ व २२४. त्यांचा गुणाकार १५,५९,७५,६८० होतो. यातून संख्या स्वतः वजा केली तर ६,८४,३६,३६१ उरतात. ही बेरीज आपल्या संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून ही न्यून संख्या ठरते. बरोबर उतरली असती तर तिला परिपूर्ण म्हटले असते, आणि जास्त भरली असती तर अधिक.

संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी १ खेरीज कोणताही सामाईक विभाजक नसलेल्या, म्हणजे सहमूळ, संख्या मोजण्यासाठी १८, ६, ३०, ६६ आणि २२२ यांचा गुणाकार करावा. मूळ संख्येसाठी एक वजा करायचे, आणि २७ साठी २७ − ९ = १८ घ्यायचे, हा नियम. उत्तर ४,७४,७२,४८० येते.

चौथी पायरी : एक भागिले ही संख्या

२ आणि ५ हे अवयव नसल्यामुळे १ ला या संख्येने भागल्यास दशांश चिन्हानंतर लगेच आवर्तन सुरू होते. त्याची लांबी काढण्यासाठी प्रत्यक्ष भागाकार करण्याची गरज नाही. प्रत्येक अवयवाच्या व्यस्ताचे आवर्तन किती अंकी आहे ते शोधून त्यांचा लसावि घेतला की झाले. २७ साठी ३ अंकी (१/२७ = ०.०३७०३७…), ७ साठी ६, ३१ साठी १५, ६७ साठी ३३, आणि २२३ साठी तब्बल २२२ अंकी आवर्तन मिळते. २२३ ने भागताना शून्याखेरीज ज्या २२२ बाक्या शक्य आहेत त्या सगळ्या येऊन गेल्यावरच चक्र पुन्हा सुरू होते, ही त्या मूळ संख्येची खासियत आहे. या पाच लांबींचा लसावि २ × ३ × ५ × ११ × ३७ = १२,२१० आहे. म्हणजे दशांश रूपात १२,२१० अंक उलटून गेल्यावरच तोच क्रम पुन्हा सुरू होतो.

पाचवी पायरी : अंकांवर अवलंबून असलेले गुण

द. रा. कापरेकर यांनी ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला ‘हर्षद’ असे सुंदर नाव दिले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४५ आहे. ४५ ने भाग जाण्यासाठी ५ ने भाग जावा लागतो आणि तो जात नाही, म्हणून ही हर्षद संख्या नाही. द्विमान पद्धतीत ती १०१ ००१ १०१ १११ ०११ १११ ००१ ११० १११ अशी सत्तावीस अंकी लिहिली जाते आणि तिच्यात १ हा अंक एकोणीस वेळा येतो. शेवटचे १११ म्हणजेच ८ ने भागल्यावर उरणारे ते ७. असे गुण मनोरंजक असले तरी ते संख्येचे कमी आणि आपल्या लेखनपद्धतीचे अधिक असतात, म्हणून त्यांच्यावर फार काळ रेंगाळू नये.

सहावी पायरी : वर्गांच्या बेरजा

कोणत्याही पूर्ण वर्गाला ४ ने भागले तर बाकी ० किंवा १ च उरते. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २ असू शकते, ३ कधीच नाही. आपल्या संख्येची बाकी ३ आहे, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज नाही. अवयवांकडे पाहिले तर ही गोष्ट जास्तच ठळक होते, कारण ३, ७, ३१, ६७ आणि २२३ या पाचही मूळ संख्यांना ४ ने भागल्यावर बाकी ३ च उरते. दोन वर्गांच्या बेरजेला एवढा एकमुखी विरोध क्वचित दिसतो.

तीन वर्ग घेतले तर? आता कोपऱ्यात लिहून ठेवलेले ७ कामाला येतात. पूर्ण वर्गाला ८ ने भागल्यावर ०, १ किंवा ४ एवढ्याच बाक्या उरतात. यांपैकी कोणत्याही तीन घेऊन (पुन्हा तीच घेतली तरी चालेल) बेरीज केली, तरी ८ ने भागल्यावर ७ ही बाकी मिळत नाही. दहाच्या दहा शक्यता लिहून खात्री करता येते. म्हणून तीन वर्गांनीही ही संख्या बनत नाही. प्रत्येक पूर्ण संख्या चार वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केले, आणि आपल्या संख्येला त्या चारही वर्गांची गरज आहे.

असे चार वर्ग शोधण्याची कृती पाहू. आधी वर्गमूळाजवळचा मोठा वर्ग वजा करावा. ९३५६² वजा केले तर ४५८३ उरतात, परंतु त्यांना ८ ने भागल्यावर पुन्हा ७ च बाकी येते, म्हणून तो मार्ग बंद. एक पाऊल मागे येऊन ९३५५² = ८,७५,१६,०२५ वजा केले तर २३,२९४ उरतात आणि त्यांची बाकी ६ आहे, म्हणजे तीन वर्गांची वाट मोकळी आहे. १५२² वजा केले तर १९० उरतात. त्यात १९ हा अवयव एकदाच येतो आणि १९ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून १९० ही दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. १५१² = २२,८०१ वजा केले तर ४९३ उरतात, आणि ४९३ = ४८४ + ९. तेव्हा

८,७५,३९,३१९ = ९३५५² + १५१² + २२² + ३²

वर्गांची वजाबाकी मात्र या संख्येला भरपूर मानवते. विषम संख्येच्या अवयवांची प्रत्येक जोडी एक वजाबाकी देते, आणि ६४ विभाजकांच्या ३२ जोड्या होतात, म्हणून असे ३२ प्रकार आहेत. एकमेकांच्या सर्वांत जवळची जोडी ६९१३ × १२,६६३ आहे. तिच्या बेरजेचे निम्मे ९७८८ आणि फरकाचे निम्मे २८७५, म्हणून ९७८८² − २८७५² म्हणजेच आपली संख्या.

सातवी पायरी : घनांच्या बेरजा

या संख्येची खरी श्रीमंती इथे आहे, आणि या लेखासाठी ती निवडण्याचे कारणही हेच. पद्धत आधी लहान उदाहरणावर पाहू.

दोन धन पूर्ण संख्या अ आणि ब यांच्यासाठी अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²) ही नित्यसमानता आपण शाळेत शिकतो. अ + ब या बेरजेला ‘स’ म्हणू आणि दिलेल्या संख्येला स ने भागून येणाऱ्या भागाकाराला ‘भ’ म्हणू. यातून तीन गोष्टी हाती लागतात.

एक, स हा दिलेल्या संख्येचा विभाजकच असला पाहिजे.

दोन, स कोणत्या पट्ट्यात असेल हे आधीच ठरते. स चा घन संख्येपेक्षा मोठा असतो, कारण (अ + ब)³ चा विस्तार केला तर अ³ + ब³ शिवाय आणखी धन पदे येतात. शिवाय ४(अ³ + ब³) − (अ + ब)³ = ३(अ + ब)(अ − ब)² हे कधीच ऋण नसल्यामुळे स चा घन संख्येच्या चौपटीपेक्षा जास्त होत नाही.

तीन, ४भ − स² = ३(अ − ब)². म्हणून (४भ − स²) ÷ ३ हा पूर्ण वर्ग आला तरच तो स उपयोगी पडतो. त्या वर्गाचे मूळ म्हणजे अ आणि ब यांच्यातला फरक. बेरीज आणि फरक दोन्ही माहीत झाले की अ आणि ब लगेच मिळतात.

रामानुजन यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली १७२९ घ्या. १२³ = १७२८, म्हणून स किमान १३. चौपट ६९१६ आणि १९³ = ६८५९, २०³ = ८०००, म्हणून स कमाल १९. आता १७२९ = ७ × १३ × १९, आणि १३ ते १९ या पट्ट्यात तिचे दोनच विभाजक आहेत, १३ आणि १९. स = १३ घेतल्यास भ = १३३ आणि (५३२ − १६९) ÷ ३ = १२१ = ११². बेरीज १३, फरक ११, म्हणून १२ आणि १. स = १९ घेतल्यास भ = ९१ आणि (३६४ − ३६१) ÷ ३ = १. बेरीज १९, फरक १, म्हणून १० आणि ९. दोन प्रकार मिळाले, आणि तिसरा नाही हेही त्याच दमात सिद्ध झाले. असंख्य घन चाचपून पाहण्यापेक्षा विभाजकांची ही वाट किती सुटसुटीत आहे!

आता आपली संख्या. ४४४³ = ८,७५,२८,३८४ आणि ४४५³ = ८,८१,२१,१२५, म्हणून स किमान ४४५. संख्येची चौपट ३५,०१,५७,२७६. ७०४³ = ३४,८९,१३,६६४ आणि ७०५³ = ३५,०४,०२,६२५, म्हणून स कमाल ७०४. चौसष्ट विभाजकांपैकी ४४५ ते ७०४ या पट्ट्यात चारच पडतात :

७ × ६७ = ४६९, ९ × ६७ = ६०३, ३ × ७ × ३१ = ६५१, ३ × २२३ = ६६९.

यांतला ४६९ गणित न करताच बाद होतो. ४भ − स² ला ३ ने भाग जायला हवा, पण ४६९ मध्ये ३ हा अवयव नसल्याने तिन्ही ३ भ मध्ये राहतात, आणि मग भ ला ३ ने भाग जातो पण स² ला जात नाही. याच कारणाने तिन्ही ३ स मध्ये गेले तरी गणित बिघडते. थोडक्यात, स मध्ये ३ हा अवयव एकदा किंवा दोनदाच यायला हवा. हे सूत्र लक्षात ठेवावे, पुढे पुन्हा लागेल.

उरलेले तीन उमेदवार एकेक करून तपासू.

स = ६०३ : भ = १,४५,१७३. चौपट ५,८०,६९२, त्यातून ६०३² = ३,६३,६०९ वजा केले तर २,१७,०८३, आणि त्याचा तिसरा भाग ७२,३६१ = २६९². बेरीज ६०३ आणि फरक २६९, म्हणून ४३६ आणि १६७.

स = ६५१ : भ = १,३४,४६९. चौपट ५,३७,८७६, वजा ४,२३,८०१, उरले १,१४,०७५, तिसरा भाग ३८,०२५ = १९५². म्हणून ४२३ आणि २२८.

स = ६६९ : भ = १,३०,८५१. चौपट ५,२३,४०४, वजा ४,४७,५६१, उरले ७५,८४३, तिसरा भाग २५,२८१ = १५९². म्हणून ४१४ आणि २५५.

तिन्ही उमेदवार उत्तीर्ण! प्रत्यक्ष घन मिळवून खात्री करून घेऊ :

४३६³ + १६७³ = ८,२८,८१,८५६ + ४६,५७,४६३ = ८,७५,३९,३१९
४२३³ + २२८³ = ७,५६,८६,९६७ + १,१८,५२,३५२ = ८,७५,३९,३१९
४१४³ + २५५³ = ७,०९,५७,९४४ + १,६५,८१,३७५ = ८,७५,३९,३१९

दोन धन घनांची बेरीज म्हणून तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे. ब्रिटिश गणितज्ञ जॉन लीच यांनी ती १९५७ मध्ये शोधली. ती सर्वांत लहान आहे हे सिद्ध करण्यासाठी तिच्याखालच्या घनांच्या सर्व बेरजा पाहाव्या लागतात. ते काम संगणकाचे आहे आणि वरच्या पद्धतीच्या आवाक्यात ते येत नाही. चौथा प्रकार नाही, हे मात्र आपण चार विभाजकांच्या तपासणीतूनच पूर्णपणे सिद्ध केले आहे.

हे भाग्य याच संख्येच्या वाट्याला का यावे, याचा थोडा उलगडा अवयवांतून होतो. ७, ३१, ६७ आणि २२३ या चौघांनाही ३ ने भागल्यावर बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या अ² − अब + ब² या रूपात लिहिता येते : ७ साठी अ, ब म्हणून ३ आणि १ घ्या, ३१ साठी ६ आणि १, ६७ साठी ९ आणि २, २२३ साठी १७ आणि ६. ३ स्वतः २ आणि १ यांपासून मिळते. शिवाय या रूपाच्या दोन संख्यांचा गुणाकारही त्याच रूपाचा असतो. म्हणून या संख्येचा कोणताही विभाजक स म्हणून घेतला तरी भ हा त्या रूपात बसतोच. एवढ्याने काम संपत नाही, कारण त्या रूपातल्या अ आणि ब यांची बेरीज नेमकी स यावी लागते. परंतु ज्या संख्येत ५ किंवा ११ यांसारखे, ३ ने भागल्यावर बाकी २ देणारे अवयव एकेकदा येतात, तिच्या अनेक विभाजकांसाठी दार पहिल्या टप्प्यावरच बंद होते. इथे ते सगळ्यांसाठी उघडे आहे. ४ ने भागल्यावरच्या बाक्यांनी वर्गांची वाट अडवली आणि ३ ने भागल्यावरच्या बाक्यांनी घनांची वाट मोकळी केली. त्याच पाच मूळ संख्यांच्या पोटी हे दोन्ही स्वभाव एकत्र आलेले पाहून मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

आठवी पायरी : घनांची वजाबाकी

तीच पद्धत ब च्या जागी ऋण संख्या ठेवून वापरता येते. आता स म्हणजे दोन संख्यांमधला फरक, आणि (४भ − स²) ÷ ३ हा त्यांच्या बेरजेचा वर्ग असला पाहिजे. अ³ − ब³ हे (अ − ब)³ पेक्षा मोठे असल्यामुळे स ४४५ पेक्षा लहान हवा, आणि मघाच्या सूत्रानुसार त्याच्यात ३ हा अवयव एकदा किंवा दोनदा यायला हवा. असे विभाजक सातच आहेत : ३, ९, २१, ६३, ९३, २०१ आणि २७९.

यांच्यासाठी (४भ − स²) ÷ ३ ची किंमत अनुक्रमे ३,८९,०६,३६१, १,२९,६८,७६१, ५५,५७,९०५, १८,५१,३६१, १२,५२,१६१, ५,६७,२२५ आणि ३,९२,४०१ येते. तिसरी किंमत ०५ ने संपते, आणि ५ ने संपणारा वर्ग नेहमी २५ ने संपतो, म्हणून ती तिथेच बाद. इतरांची वर्गमुळे काढून पाहावीत. सहावी किंमत इथे फसवते, कारण २५ ने संपत असल्यामुळे ती वर्गासारखी दिसते, पण ७५३² = ५,६७,००९ आणि ७५४² = ५,६८,५१६ यांच्या मध्ये ती अडकते. पूर्ण वर्ग एकच निघतो : १२,५२,१६१ = १११९². फरक ९३ आणि बेरीज १११९, म्हणून संख्या ६०६ आणि ५१३. पडताळणी करू : ६०६³ = २२,२५,४५,०१६ आणि ५१३³ = १३,५०,०५,६९७. वजाबाकी ८,७५,३९,३१९. दोन धन घनांची वजाबाकी म्हणून ही संख्या या एकाच प्रकारे लिहिता येते.

सातव्या आणि आठव्या पायरीचे निकाल शेजारी ठेवले की ५१३³ मध्ये आपली संख्या मिळवल्यास ६०६³ येते, आणि आपल्या संख्येच्या जागी तिची तिन्ही रूपे ठेवता येतात :

६०६³ = ५१३³ + ४३६³ + १६७³
६०६³ = ५१३³ + ४२३³ + २२८³
६०६³ = ५१३³ + ४१४³ + २५५³

यांपैकी शेवटच्या ओळीतल्या तिन्ही संख्यांना आणि ६०६ ला ३ ने भाग जातो, म्हणून ती २०२³ = १७१³ + १३८³ + ८५³ अशी लहान करता येते; मधली ओळ त्याच रीतीने २०२³ = १७१³ + १४१³ + ७६³ होते. पहिली ओळ मात्र लहान होत नाही, कारण ४३६ आणि १६७ यांपैकी कोणालाही ३ ने भाग जात नाही.